ठोकलेली मस्टँग घ्यावी का? आधी मार कुठे थांबला ते बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पुण्यात २०१७ ची फोर्ड मस्टँग जीटी विकायला आहे. एमएच १४ पासिंग, दुसरा मालक, ३१ हजार किलोमीटर. डीलर स्वतःच सांगतो की २०२१ मध्ये गाडी समोरून ठोकली होती. बंपर, बोनेट, डावा हेडलाइट आणि रेडिएटर इन्शुरन्समधून बदलले, एअरबॅग उघडल्या नाहीत. मागतोय ३६ लाख. तशाच बिनअपघाती गाडीला तुम्हाला ४४-४५ लाख सांगितले गेले. बाबा म्हणतात ठोकलेली गाडी दारात नको, धरमपेठेतला मित्र म्हणतो आठ लाख वाचतायत, घेऊन टाक. गाडी नागपूरला आणून रविवारी-सुट्टीला चालवायची आणि चार-पाच वर्षांनी विकायची, असा तुमचा बेत आहे.

मी नागपुरात मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे, त्याआधी बॉडीशॉपमध्ये काम केलंय. ठोकलेल्या गाड्या बघणं, काय बदलायचं आणि काय ठोकून सरळ करायचं हे ठरवणं, हाच माझा धंदा. त्यामुळे बाबांचं आणि मित्राचं, दोघांचंही म्हणणं मला अर्धवट वाटतं. अपघात झाला होता की नाही, यावर निर्णय होत नाही. मार गाडीत किती आत गेला, कुठे थांबला आणि मग दुरुस्ती कोणी कशी केली, यावर होतो. आणि हे तोंडी ऐकून कळत नाही. कागदावरून आणि लिफ्टवर कळतं.

गाडीचा पुढचा भाग दोन प्रकारचा असतो. एक बोल्टने लावलेला: बंपर, त्यामागचा बीम, बोनेट, फेंडर (पुढच्या चाकावरचा बाहेरचा पत्रा), हेडलाइट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर. हे सगळं काढून नवीन लावता येतं, आणि नीट लावलं तर गाडी पूर्वीसारखीच राहते. दुसरा वेल्ड केलेला: पुढच्या दोन रेल (आपल्याकडे मेकॅनिक सरसकट चेसी म्हणतात), एप्रन (चाकाच्या आतल्या बाजूचा पत्रा), शॉकअबसॉर्बर ज्यात बसतो तो टॉवर, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत), पिलर (छत पेलणारे खांब). मार पहिल्या भागात थांबला असेल तर मला ती गाडी घ्यायला काहीच हरकत वाटत नाही. दुसऱ्या भागात शिरला असेल तर गोष्ट वेगळी. तीही दुरुस्त होते, पण त्यासाठी गाडी बेंचवर (बॉडी सरळ करायच्या चौकटीवर) बांधून, कंपनीने दिलेल्या मापांशी ताडून ओढावी लागते. हे काम मन लावून करणारी वर्कशॉप मोजकी आहेत. बाकी ठिकाणी साखळी लावून ओढतात आणि नाही जमलं की गॅस मारतात.

गॅस मारण्याबद्दल जरा थांबून सांगतो, कारण विकत घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आजच्या गाड्यांच्या रेल आणि पिलर उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. ती ताकद कारखान्यात ठरावीक तापमान आणि ठरावीक थंडावा देऊन आणलेली असते. गॅसच्या ज्योतीने लाल केलं की पत्रा मऊ होतो, हवा तसा वाकतो, दिसायला एकदम सरळ होतो, पण ताकद गेलेली असते. वरून काळा रंग मारला की काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी मार बसला, की ज्या ठिकाणी रेलने ठरावीक पद्धतीने चुरडून धक्का गिळायचा, तिथे ती भलत्याच जागी मुडपते. चारशेच्या आसपास अश्वशक्ती मागच्या चाकांना देणाऱ्या पाच लिटर व्ही-८ मध्ये मला असली रेल नको. किंमत कितीही पाडली तरी नको.

आता तुमच्या गाडीकडे. डीलरने सांगितलेल्या यादीत रेडिएटर आहे, ही माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बंपर आणि हेडलाइट पार्किंगमध्येही फुटतात. रेडिएटर बदलावा लागला म्हणजे धक्का बीमच्या मागे आला होता. म्हणून सगळा तपास बीमपासून टॉवरपर्यंतच्या पट्ट्यात करायचा. तिथे काही नसेल तर बाकीच्या शंका किरकोळ आहेत.

सुरुवात कागदांपासून करा, कारण त्याला पुण्याला जावं लागत नाही. आपल्या आरसीवर अपघाताची नोंद होत नाही. अमेरिकेत टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही असं कंपनीने ठरवलेल्या) झालेल्या गाडीच्या मालकी कागदावरच तसा शेरा येतो. आपल्याकडे तसं काही नाही. सरकारच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर मालक कितवा, कर्ज आहे का, इन्शुरन्स चालू आहे का, काळ्या यादीत आहे का एवढं दिसेल. ठोकली होती का ते दिसणार नाही. ते दिसतं इन्शुरन्सच्या फाइलमध्ये. एवढ्या मोठ्या रकमेचा दावा झाला म्हणजे परवानाधारक सर्व्हेअर गेलाच असणार, फोटो निघालेच असणार आणि रिपोर्ट बनलाच असणार. त्या रिपोर्टमध्ये बदललेल्या पार्ट्सची ओळीने यादी असते, आणि खाली मजुरीच्या ओळी असतात. लोक पार्ट्सची यादी बघतात, मजुरी बघत नाहीत. मी मजुरी आधी बघतो. ‘रेल रिपेअर’, ‘एप्रन रिपेअर’, ‘चेसी पुलिंग’ किंवा ‘बॉडी अलाइनमेंट’ अशी एखादी ओळ तिथे दिसली, की बंपर-बोनेटची गोष्ट तिथेच संपली.

हा रिपोर्ट तुम्हाला कंपनी देणार नाही. त्या वेळी ज्याच्या नावावर पॉलिसी होती त्याला देते. म्हणून डीलरला सांगा की तेव्हाच्या मालकाकडून सर्व्हे रिपोर्ट आणि वर्कशॉपचं फायनल बिल, पार्ट नंबरसकट, मागवून द्या. खरोखर फक्त बोल्टचंच काम झालं असेल तर त्याला हे द्यायला आनंदच वाटेल, कारण त्याचीच किंमत वाढते. ‘जुने कागद कुठे मिळतात साहेब’ असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच समजा.

बिलाची तारीख नीट बघा. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मस्टँग तशीही इथे बनत नव्हती, अमेरिकेत मिशिगनच्या फ्लॅट रॉक कारखान्यातून तयार होऊन यायची; २०१६ ला आली तेव्हा ६५ लाख एक्स-शोरूम होती. पार्ट्स बाहेरून मागवावे लागतात आणि वेळ लागतो. अशा वेळी वर्कशॉपला मोह होतो की जे बदलायला मंजूर झालंय तेही दुरुस्त करून टाकावं, किंवा कुठून तरी जुना पार्ट आणून बसवावा. बिलावर नवीन बोनेट आणि गाडीवर जुनंच, हे मी पाहिलंय.

इन्शुरन्सची आणखी एक जागा म्हणजे नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. २०२१ च्या नंतरच्या पॉलिसीच्या प्रती मागा. दावा झाला की पुढच्या नूतनीकरणात बोनस शून्यावर येतो, मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढतो. आजच्या पॉलिसीत किती आहे त्यावरून मागे मोजत गेलात तर शेवटचा दावा कधी झाला ते कळतं. २०२१ नंतर सरळ चढत आला असेल तर छान. मध्येच पुन्हा शून्य झाला असेल तर डीलरने न सांगितलेला दुसरा दावा आहे, किंवा मालक बदलला तेव्हा तुटलाय. कारण बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. दोन्हींपैकी काय झालं ते तारखा जुळवून कळेल.

कागद ठीक निघाले तरच पुण्याचं तिकीट काढा. तिथे गाडी संध्याकाळी शोरूमच्या दिव्याखाली बघू नका, सकाळी उघड्यावर बघा. आदल्या दिवशीच सांगून ठेवा की लिफ्ट लागेल, पुढची दोन्ही चाकं आणि खालचं प्लास्टिक कव्हर काढायचंय. नाही म्हणाले तर तिकीट काढूच नका.

मॅग्नेट घेऊन जाणारे लोक मस्टँगवर हमखास फसतात. या पिढीच्या मस्टँगचं बोनेट आणि पुढचे दोन्ही फेंडर अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. मॅग्नेट चिकटणारच नाही, म्हणून ‘अरे इथे पुट्टी भरलीय’ असा निष्कर्ष काढू नका. उलट बोनेटला मॅग्नेट चिकटलं तर मात्र ते मूळ बोनेट नाही. पेंटची जाडी मोजायचं मीटर नेणार असाल तर लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्ही मोजणारं न्या. स्वस्तातली काही मीटरं फक्त लोखंडावर चालतात. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. तुमच्या गाडीचं बोनेट बदललंय म्हणजे ते पुन्हा रंगवलेलंच असणार, तिथे दोनशे-तीनशे आलं तर घाबरू नका. फेंडर, दरवाजे, ए-पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) आणि छतावर काय येतं ते बघा. डीलरच्या यादीत फेंडर नाहीत. त्यातल्या एखाद्यावर पाचशे-सातशे आलं तर तिथे पुट्टी आहे, म्हणजे मार सांगितला त्यापेक्षा रुंद होता. अ‍ॅल्युमिनियमचा फेंडर ठोकून सरळ करायला वेगळी हत्यारं आणि वेगळी जागा लागते, कारण लोखंडाचा कीस त्यात रुतला की काही महिन्यांनी रंगाखाली फोड यायला लागतात. असे फोड शोधायचे तर फेंडरच्या कडेवरून, चाकाच्या कमानीच्या आतून बोट फिरवा.

आता बोनेट उघडा आणि बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात बॉडी बोल्टसकट रंगते, म्हणून मूळ बोल्टच्या डोक्यावर रंगाचा अखंड थर असतो. एकदा पाना लागला की कोपऱ्यांवरचा रंग उडतो आणि खालच्या वॉशरभोवती एक फिकट वर्तुळ दिसतं. तुमच्या गाडीत बोनेटचे बोल्ट उघडलेले दिसणारच, त्यात नवल नाही. पण फेंडरचे? टॉवरवरचे? दरवाज्याच्या बिजागरीचे? दरवाज्याचा बोल्ट उघडलेला असेल तर डीलरच्या गोष्टीत दरवाजा कुठून आला ते विचारा.

मग चाकं काढून, टॉर्च घेऊन एप्रनचा सांधा बघा. कारखान्यातला स्पॉट वेल्ड म्हणजे छोटी गोल खळगी, एकसारख्या अंतरावर, सगळ्या सारख्या आकाराच्या. गॅरेजमध्ये वेल्ड केलेला पत्रा ग्राइंडरने घासावा लागतो. खळग्या गायब होतात किंवा वेड्यावाकड्या उठतात. सांध्यावरचं सीलर कारखान्यात यंत्राने एका रेषेत सोडलेलं असतं. हाताने भरलेलं बोटाने सारवल्यासारखं दिसतं आणि नखाने दाबलं तर बरेचदा मऊ लागतं. डावी बाजू बघून झाली की उजवी बघा. डावीकडे हेडलाइट गेला होता, म्हणजे उजवी बाजू तुमचा नमुना आहे. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बरं. डावीकडे काळं अंडरकोटिंग ताजं आणि जाड असेल आणि उजवीकडे पुण्याची धूळ असेल, तर ते कोटिंग तिथे कशाला मारलं ते विचारा. खालून रेलवर चिमट्याचे दातेरी ठसे असतील तर गाडी ओढली गेली आहे; ओढायच्या यंत्राचा क्लॅम्प तसे ठसे सोडतो.

यानंतर अलाइनमेंट, तीही चारही चाकांची, आणि मशीनचा छापील कागद हातात घ्यायचा. ‘बरोबर आहे’ ऐकून घ्यायचं नाही. टो (वरून बघताना चाक आत-बाहेर वळल्याचा कोन) जुळवून घेता येतो, त्यामुळे तो बरोबर असण्याला फारसा अर्थ नाही. कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि कॅस्टर (बाजूने बघताना स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) डावी-उजवीकडे किती वेगळे आहेत ते बघा. एका बाजूचा कॅस्टर दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर ते चाक धक्क्याने मागे सरकलंय. एक तर सस्पेन्शनचा आर्म वाकलाय, किंवा तो जिथे बसतो ती जागा. आर्म बदलता येतो. जागा सरकली असेल तर आपण पुन्हा वेल्डच्या भागात पोहोचलो. टायरवरचे शेवटचे चार आकडेही तेवढ्यात वाचून घ्या, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. ३१ हजार किलोमीटरला दोनच टायर नवे आणि तेही पुढचे, असं का, हा प्रश्न योग्य आहे. या गाडीत मागचे आधी झिजतात.

एअरबॅगचं वेगळं सांगतो, कारण इथे फसवणूक जिवावर बेतते. ‘उघडल्या नाहीत’ हे खरं असू शकतं. कमी वेगात रेडिएटर फुटतो आणि बॅगा उघडत नाहीत असं होतं. पण उघडलेल्या बॅगा परत बसवणं महाग, म्हणून नुसतं कव्हर चिकटवून आत रेझिस्टर जोडतात, म्हणजे कॉम्प्युटरला वाटतं बॅग जागेवर आहे आणि डॅशवरचा दिवा विझतो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मी एक जर्मन कूपे तपासली होती, दिवा बरोबर लागून बरोबर विझत होता, स्कॅनरवर एकही फॉल्ट नाही. डॅशवरच्या कव्हरची शिवण मात्र एका टोकाला केसभर उचललेली होती. उघडून बघितलं तर आत पोकळ. त्यामुळे नुसत्या दिव्यावर जाऊ नका. इग्निशन दिल्यावर दिवा लागतो आणि काही सेकंदांनी जातो हे बघा, मग चांगल्या स्कॅनरने एअरबॅग मॉड्यूलमध्ये क्रॅशची नोंद साठलेली आहे का ते वाचून घ्या, आणि मग सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या तळाशी शिवलेली पट्टी वाचा. तिच्यावर बनवल्याची तारीख असते. गाडी २०१७ ची आणि चालकाचा बेल्ट २०२१ चा असेल, तर प्रिटेन्शनर (धडकेच्या क्षणी बेल्ट आवळणारा भाग) उडाला होता, म्हणजे बॅगही उडाली असण्याची शक्यता दाट, म्हणजे डीलर खोटं बोलला. गाड्या ठोकून सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने जानेवारी २०१७ मध्ये या मस्टँगला पाचपैकी दोनच तारे दिले होते आणि पुढच्या एअरबॅगा पुरेशा फुगत नाहीत हे त्यातलं एक कारण होतं. जिथे मूळ संरक्षणच बेताचं आहे तिथे तडजोड करायला जागा उरत नाही.

इथपर्यंतचं सगळं कोणत्याही शहराला लागू आहे. नागपूरचं म्हणून एक सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि ही गाडी पुढून दुरुस्त झालेली आहे. पुढून ठोकलेल्या गाडीत रेडिएटर नवीन बसतो, पण त्याच्याभोवतीचे हवा वळवणारे प्लास्टिकचे पडदे, खालचं कव्हर, पंख्याचं आवरण, हे लहानसहान पार्ट बरेचदा बसवलेच जात नाहीत. मागवायचे राहतात, क्लिपा तुटलेल्या असतात. पुण्याच्या हवेत गाडी त्याशिवायही चालते. व्हरायटी चौकात मे महिन्यात दुपारी दोन वाजता एसी लावून उभी राहिली की काटा चढतो. म्हणून पुण्यातच एसी पूर्ण थंड करून अर्धा तास गाडी जागेवर चालू ठेवा, तापमान आणि पंखा बघा, आणि हे पडदे जागेवर आहेत का ते पार्ट्सच्या चित्राशी ताडून बघा. नसतील तर व्यवहार मोडू नका, पण ते विकणाऱ्याकडून बसवून घ्या.

टेस्ट ड्राइव्हबद्दल फार लिहीत नाही. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून गाडी सरळ जाते का, ब्रेक मारल्यावर ओढते का, खड्ड्यात पुढून टकटक येते का, एवढं पुरे. घेतलीच तर पुण्याहून चालवत आणायचा मोह आवरा आणि कॅरियरवर आणा. शिर्डीहून समृद्धी महामार्गाला लागून थेट नागपूरच्या शिवमडक्याला उतरायचं चित्र डोळ्यासमोर येतं हे मला कळतं. पण वर्षांनुवर्षं उभे राहिलेले टायर घेऊन, आपण पूर्ण न ओळखलेली गाडी, ताशी १२०च्या रस्त्यावर पाचशे किलोमीटर सलग तापवायची नसते. आधी टायर, ऑइल, ब्रेक फ्लुइड बदला, मग समृद्धी कुठे पळून जात नाही.

एक अवांतर, पण नागपूरकर म्हणून सांगायलाच हवं. पुण्यातली ही गाडी सोडून इथलीच एखादी बघायला लागलात, तर २३ सप्टेंबर २०२३ ची तारीख लक्षात ठेवा. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि तळघरातल्या, पोर्चमधल्या कितीतरी गाड्या बुडाल्या. सीटचे पाय, गालिच्याखालचा फोम, स्पेअर व्हीलची खोबण, तिथे गाळाची रेघ असेल तर समोरून ठोकलेली मस्टँग बरी. पाण्याने वायरिंगला लागलेला गंज वर्षानंतर डोकं वर काढतो आणि त्याचा हिशेब कधीच संपत नाही.

आता आठ लाखांचं काय? समजा सगळं तपासून मार बोल्टच्या भागातच थांबल्याचं निघालं. तरीही आठ लाख ‘वाचले’ असं मी म्हणणार नाही. चार-पाच वर्षांनी तुम्ही विकाल तेव्हा समोरचाही हेच विचारणार, आणि तुम्हालाही किंमत कमीच करावी लागणार. प्रामाणिकपणे सांगून विकायची असेल तर ते आठ लाख त्याला द्यायचेत, फक्त तोवर ते तुमच्याकडे राहतात. खरा फायदा एवढाच की कमी भांडवल अडकतं.

यात इन्शुरन्सचा हिशेब मिळवा, जो बहुतेक जण गाडी घेतल्यावर करतात. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. झिरो डेप (दाव्यात पार्ट्सचा घसारा न कापणारं कव्हर) एवढ्या जुन्या गाडीला मिळणं अवघड. ते नसेल तर दाव्यात पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्ट्सवर ४० टक्के कापले जातात, प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के. काचेवर काही कापत नाहीत. म्हणजे बंपर आणि हेडलाइट पुन्हा गेले तर निम्मं बिल तुमच्या खिशातून. दुसरं, दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही २५ लाख ठेवलीत तर ती रेषा पावणेएकोणीस लाखांवर येते. आयात पार्ट्सच्या भावात मस्टँगला तिथे पोहोचायला फार मोठा अपघात लागत नाही. हप्ता वाचवायला आयडीव्ही कमी ठेवायची सवय आपल्याकडे आहे. या गाडीत ती करू नका.

टोटल लॉसचाच उलटा प्रश्न डीलरला विचारा: २०२१ मध्ये दावा कोणत्या प्रकारे मिटला? दुरुस्तीवर, की ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’वर? दुसऱ्या प्रकारात कंपनी भंगाराची किंमत वजा करून पैसे देते आणि गाडी मालकाकडेच राहते. मग तो ती कुठेही, कितीही स्वस्तात उभी करून घेतो आणि त्या दुरुस्तीवर कोणत्याही सर्व्हेअरची नजर पडत नाही. असा दावा निघाला तर लिफ्टवर सगळं चांगलं दिसलं तरी मी सोडून देतो.

या सगळ्यात परिस्थितीवर काय अवलंबून आहे? तुमच्याकडे या एका गाडीवरच रोजचं जाणं-येणं असेल तर घेऊ नका, पार्ट्सची वाट बघताना महिने जातील. घरात दुसरी गाडी आहे आणि ही हौसेची आहे, तर चालेल. गाडी घेतल्यावर चार-पाच लाख बाजूला राहणार असतील तर चालेल; शेवटचा रुपया ३६ लाखांत जाणार असेल तर बिनअपघातीही घेऊ नका. ट्रॅकवर न्यायची असेल तर माझं उत्तर जास्त कडक होईल. आणि बाबांचं म्हणणं नुसतं वहमाचं समजू नका. त्यांना भीती आहे की गाडीत काहीतरी लपलेलं आहे. अलाइनमेंटचा कागद, सीट बेल्टच्या पट्टीचा फोटो आणि सर्व्हे रिपोर्ट त्यांच्यासमोर ठेवा. तरीही नको म्हणाले तर तो घरातला प्रश्न, तिथे सर्व्हेअरचं काम नाही.

माझा आकडा विचाराल तर, रिपोर्ट आणि तपासणी दोन्ही स्वच्छ निघाल्यास ३३-३४ पर्यंत बोला. ३६ वर अडला तर चारही टायर आणि राहिलेले प्लास्टिकचे पार्ट त्याच्याकडून घ्या. रिपोर्टच मिळाला नाही पण लिफ्टवर सगळं नीट दिसलं, तर ३० च्या खाली येत असेल तरच विचार करा, कारण मग विकताना तुमच्या हातातही कागद नसेल. रेलवर काम झालेलं निघालं तर आकडाच नाही.

बयाणा देण्याआधी डीलर अधिकृत आहे का बघा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याला आरटीओचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पावतीवर लिहून घ्या की अपघाताबद्दल सांगितलेली माहिती एवढीच आहे, एअरबॅग मूळ आहेत, आणि तपासणीत वेगळं निघालं तर बयाणा परत. तोंडी शब्दाला पुण्याहून नागपूरला येईपर्यंत किंमत राहत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५, हे नेहमीचंच. मालकी बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. तृतीय पक्षाचं संरक्षण आपोआप येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, आणि आधीच्या मालकाच्या बोनसचा फरकही तुम्हालाच भरावा लागतो.

आधी त्या रिपोर्टसाठी डीलरला फोन करा. आला की नावं-नंबर झाकून मला पाठवा. मजुरीच्या ओळी आपण एकत्र वाचू, पुण्याला जायचं की नाही ते त्यावरच ठरेल.